कलेलाही जागा लागते

(मंडळाच्या पंचविसाव्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



आपल्या मंडळाला आज पंचवीस वर्षे पुरी झाली. मी लग्न होऊन या गावात आले, त्याच सुमारास मंडळ निघाले. या पंचवीस वर्षांत मी इथे सतरंज्या घातल्या, चहाचे आधण ठेवले, भजनात टाळ धरला, हळदीकुंकवाला वाणाच्या पिशव्या बांधल्या. भाषण मात्र कधी केले नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चिटणीसबाईंनी माझे नाव लिहून घेतले तेव्हा मी पुष्कळ आढेवेढे घेतले. त्या म्हणाल्या, "वहिनी, त्या दिवशी कचेरीत साहेबांपुढे जे बोललात तेच इथे सांगा. त्याहून जास्त काही नको." म्हणून उभी राहिले आहे. चुकलेमाकले पदरात घ्यावे.

माझा विषय ऐकून काहीजणींना हसू येईल. शहराची रचना आणि कला, हा तो विषय. रस्ता कुठून काढावा, पाण्याची टाकी कुठे बांधावी, हे साहेबलोकांनी ठरवायचे; त्यात चुलीपुढच्या बाईने काय बोलावे, असे मलाही पूर्वी वाटत असे. पण आपण घर बांधतो तेव्हा देवाचा कोनाडा आधी सोडतो की नाही? भिंती उभ्या राहिल्यावर कोनाडा आठवला तर भिंत फोडावी लागते, आणि फोडलेली भिंत कधी सारखी दिसत नाही. गावाचेही तसेच आहे. गाण्याला, नाटकाला, खेळाला, चित्राला आधी जागा सोडली तर ती गावात नांदतात. नाही सोडली तर ती दारोदार फिरतात आणि एक दिवस निघून जातात. हे मला कसे कळले, ते सांगते.

माझे माहेर कोल्हापूरचे, मंगळवार पेठेतले. २०२४ सालच्या श्रावणात मी पंचमीला माहेरी गेले होते. पंचमी ९ ऑगस्टला होती. आदल्या रात्री जेवणे आटोपून आम्ही बहिणी-भावजया मेंदी लावत बसलो होतो. एवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला, "नाट्यगृह पेटलंय!" आम्ही तशाच ओल्या हातांनी गच्चीवर धावलो. केशवराव भोसले नाट्यगृहावर आगीचे लोळ उठले होते आणि आकाश तांबडेलाल झाले होते. माझी आई ऐंशीच्या घरातली. ती खालीच पायरीवर बसून राहिली. तिने पहिले नाटक तिथेच पाहिले होते, आणि मला पहिले नाटक तिनेच तिथे मांडीवर घेऊन दाखविले होते. ती एवढेच म्हणाली, "आता कुठं जायचं गं?"

दुसऱ्या दिवशी, म्हणजे ९ ऑगस्टला, ज्यांचे नाव त्या नाट्यगृहाला दिले आहे त्या संगीतसूर्य केशवराव भोसले यांची जयंती होती. त्याच दिवसाच्या आदल्या रात्री ही आग लागावी! सकाळी पाहतो तो छप्पर, रंगमंच, खुर्च्या सारे जळून गेले होते. दगडी भिंती आणि दर्शनी भाग तेवढा उभा होता. मोठमोठी नटमंडळी लहान मुलासारखी रडत होती. पंचमीचा सण, पण त्या दिवशी गल्लीत फेर धरला गेला नाही.

पुढे ते नाट्यगृह पुन्हा उभारण्याचे काम सरकारने आणि शहराने हाती घेतले. पण आईचा तो प्रश्न माझ्या मनातून जाईना. एक इमारत जळाली तर सारे गाव का रडते? मग माहेरच्या चार जाणत्या माणसांकडून, आणि माझ्या मुलीने वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांतून, मी ती हकीकत समजून घेतली.

राजर्षी शाहू महाराजांनी १८९४ ते १९२२ पर्यंत कोल्हापूरवर राज्य केले. १९०२ साली ते विलायतेला गेले. तिकडची नाट्यगृहे आणि रोमचे जुने मैदान त्यांनी पाहिले आणि परत येऊन आपल्या गावाचा विचार केला. खासबागेत कुस्तीचे मैदान झाले. ते मधोमध खोलगट आणि भोवती बसायला चढती जागा, असे आहे. मागे बसलेल्या गरीब माणसालाही आखाड्यातला डाव तितकाच दिसतो. त्या मैदानाला लागूनच १९१३ साली नाट्यगृहाचे काम सुरू झाले आणि १९१५ साली ते पुरे झाले. तेव्हा त्याला पॅलेस थिएटर म्हणत. आत प्रेक्षकांच्या आड येणारा एकही खांब नाही, असे माझे वडील मोठ्या अभिमानाने सांगत. पलीकडेच गाण्याचा देवल क्लब. म्हणजे कुस्ती, नाटक आणि गाणे ही तिन्ही एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. पैलवान नाटक पाही, नट कुस्ती पाही, आणि गवयाची ओळख दोघांनाही असे.

महाराजांनी कलेच्या जागा बांधल्या, तशा माणसांच्याही बांधल्या. १८९५ साली शाहूपुरी ही नवी व्यापारी पेठ वसविली, म्हणून बाहेरगावचा व्यापारी येऊन राहिला. १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली. मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत, आणि त्या वेळी ज्यांना अस्पृश्य म्हणत त्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. दसरा चौकात उभे राहिलात तर यांतली कितीतरी आजही एका नजरेत दिसतात. दसऱ्याला सीमोल्लंघनाचा सोहळाही त्याच चौकात होतो. निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एका चौकात राहतील, एकमेकांचे सण पाहतील, अशी ती मांडणी झाली. उपदेश करून माणसे जेवढी जवळ येत नाहीत तेवढी रोज एका रस्त्याने गेल्याने येतात, हे आपण बायका नळावरच्या अनुभवाने ओळखतोच.

याचे फळ काय झाले ते पहा. अल्लादियाखाँसाहेब मूळचे राजस्थानकडचे. महाराजांच्या दरबारी ते गायक म्हणून राहिले, आणि त्यांचे गाणे पुढे जयपूर-अत्रौली घराणे म्हणून साऱ्या देशात नावाजले. त्यांच्या शिष्यांत केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या दोघी गोव्याच्या. त्यांचे चिरंजीव भूर्जीखाँसाहेब यांच्याकडे धोंडूताई कुलकर्णी शिकल्या. त्या तर कोल्हापुरातच जन्मलेल्या. राजस्थानातले मुसलमान घराणे, गोव्याच्या बायका आणि कोल्हापूरची ब्राह्मण मुलगी, या सर्वांचे सूर एका गावामुळे जुळले.

आणि ज्यांचे नाव नाट्यगृहाला आहे ते केशवराव? ते १८९० साली कोल्हापुरात जन्मले. घरची गरिबी, लहानपणीच नाटक मंडळीत गेले. १९०८ साली, मिसरूड फुटण्याच्या वयात, त्यांनी ललितकलादर्श ही मंडळी काढली. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी त्यांनी आणि बालगंधर्वांनी मिळून संयुक्त 'मानापमान' केले, त्याची आठवण अजून काढतात. त्यानंतर तीनच महिन्यांत ते गेले. उणेपुरे एकतीस वर्षांचे आयुष्य. पण गावात त्यांच्या नावाची वास्तू होती, म्हणून शंभर वर्षांनंतरही माझ्यासारख्या सातवी झालेल्या बाईला त्यांचे नाव ठाऊक आहे.

तेच सिनेमाचे. बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, तेव्हा तानीबाई कागलकर या गाणाऱ्या बाईंनी पैशाची मदत केली. १९२० सालच्या त्यांच्या 'सैरंध्री' चित्रपटात बायकांच्या भूमिका बायकांनीच केल्या. त्या काळी ही केवढी गोष्ट! प्रभात कंपनीही १९२९ साली कोल्हापुरातच निघाली आणि १९३३ साली पुण्यास गेली. पुढे २०२२ साली जयप्रभा स्टुडिओची जागा विकली गेल्याची बातमी आली, तेव्हा कलावंत आणि नागरिक साखळी उपोषणाला बसले. ज्या गावाला कलेच्या जागेची सवय असते, त्या गावाला ती जाताना दुखते.

माझ्या माहेरच्या पेठांतून तालमी आहेत. तालीम म्हणजे नुसती लाल माती आणि जोर-बैठका नव्हेत. तिथे गणपती बसतो, आणि कितीतरी तालमींतून मोहरमला पंजेही बसतात. दोन्ही सण एका वेळी आले तर दोन्ही शेजारी शेजारी बसतात. लहानपणी आम्हाला यात काही विशेष वाटत नसे. आता कळते की, गल्लीच्या मालकीची एक सामाईक जागा होती म्हणून ते घडले. कुणाच्या घरात दोघांना एकत्र बसविता आले नसते.

आता मी माहेर सोडून सासरी येते. आपल्या या गावाला कुणी शाहू महाराज लाभले नाहीत. तरी आपल्याकडे कला नाही असे कोण म्हणेल? आपल्या मंडळात मराठा आहेत, जैन आहेत, कोष्टी आहेत, लिंगायत भगिनी कानडी गाणी म्हणतात, आणि मुसलमान भगिनींची ढोलकीवरची लग्नाची गाणी ऐकावीत अशी आहेत. झिम्मा, फुगडी, काटवटकणा, घागर घुमविणे, सूप नाचविणे, हे सारे आपल्याला येते. पण याला कुणी कला म्हणत नाही. "बायकांचे खेळ" म्हणतात. जे खेळच, त्याला नकाशात जागा कशाला?

आपल्या शाळेमागच्या मोकळ्या जागेत आपण किती वर्षे पंचमीचा फेर धरला आणि नवरात्रात भोंडला घातला, ते आपल्याला आठवतच असेल. ती जागा शहराच्या आराखड्यात सांस्कृतिक भवनासाठी राखून ठेवलेली होती. हे आपल्यापैकी एकीलाही ठाऊक नव्हते. आपण समजत होतो की जागा रिकामी आहे म्हणून आपण खेळतो. ती आपल्यासाठीच ठेवलेली होती.

२०२४ सालच्या गणपतीत, मी माहेरून परत आल्यावर, पाहते तो जागेभोवती पत्रे ठोकलेले. तिथे दुकाने आणि गाड्या लावण्याची सोय होणार असे कळले. आम्ही चौघीजणी कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने फाईल पाहून सांगितले, "बाई, आरक्षण बदलण्याची जाहीर सूचना वर्तमानपत्रात दिली होती. हरकतीला एक महिना होता. कुणाचीही हरकत आली नाही." आम्ही मान खाली घालून परत आलो.

पुढची गोष्ट सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. दसऱ्याची साफसफाई काढली. डब्यांच्या फळीवरचा कागद बदलायला घेतला. तेलाच्या डागाखाली बारीक अक्षरांत काही छापलेले दिसले, आणि आपल्या शाळेचे नाव नजरेस पडले. वाचले तर तीच जाहीर सूचना! पाडव्याच्या आवराआवरीत मीच तो कागद फळीवर अंथरला होता. सहा महिने रोज त्यावर तिखटमिठाचे डबे ठेवले आणि काढले. सूचना माझ्या घरात, माझ्या हाताखाली होती. मी ती वाचली नाही.

कुणी म्हणेल, जागा गेली तर घरी खेळा. आम्ही तेही करून पाहिले. आपल्या आक्कांना तुम्ही सर्वजणी ओळखत होता. झिम्म्याची गाणी म्हणावीत तर आक्कांनीच. त्या मुलाबरोबर तिसऱ्या मजल्यावर राहायला गेल्या होत्या. म्हणाल्या, "माझ्या घरी या, इथंच सराव करू." आम्ही दहाजणी गेलो. झिम्मा रंगात आला आणि खालच्या बिऱ्हाडातले भाऊ वर आले. म्हणाले, "ताई, आमच्या छताचा गिलावा पडतोय, आणि आजारी माणूस झोपलंय." त्यांचे काही चुकले नव्हते. मजल्यावरच्या घरात आपल्या पायाखालची फरशी म्हणजे दुसऱ्याचे छत असते. झिम्म्याला भुई लागते. त्या दिवसानंतर आक्कांनी पुन्हा बोलाविले नाही, आणि आम्हीही गेलो नाही. पुढच्या उन्हाळ्यात आक्का गेल्या. त्यांना चाळीसच्या वर गाणी येत होती. आम्ही आठवून आठवून वहीत लिहिली ती अकरा. बाकीची त्यांच्याबरोबर गेली.

घरी खेळण्यात आणखी एक अडचण आहे. ती आपण उघड बोलत नाही, पण आज बोलू या. कुणाच्या घरी जमले की ते त्या घरचे होते. कोण कुणाच्या घरी जाते, कोण कुणाकडचे पाणी पिते, कुणाच्या सासूबाईंना काय चालते, हे सारे मध्ये येते. देवळाच्या सभामंडपात जमलो तर आपल्या मुसलमान भगिनी संकोचतात. एखाद्या समाजाच्या कार्यालयात जमलो तर बाकीच्या पाहुण्या होतात. शाळेमागच्या त्या जागेत मात्र उंबरठाच नव्हता. तिथे कानडी गाणे संपले की मराठी गाणे सुरू होई आणि ढोलकी कुणाचीही असे. सर्वांची असलेली जागा गेली की माणसे आपापल्या घरी जातात आणि दारे लावून घेतात. म्हणून मला वाटते, सार्वजनिक जागा ही कलेइतकीच शेजारधर्मासाठीही हवी.

आक्का गेल्यावर मला स्वस्थ बसवेना. मी पुन्हा कचेरीत गेले. वरच्या साहेबांनी भेटायला वेळ दिला. ते सभ्यपणाने बोलले, पण म्हणाले, "बाई, लोकांना पाणी दिवसाआड येते. आधी पाणी आणि रस्ते. नाचगाण्याचे नंतर पाहू." त्या वेळी मला कुठून बळ आले कोण जाणे. मी म्हटले, "साहेब, ज्या शाहू महाराजांनी नाट्यगृह बांधले त्यांनीच राधानगरीचे धरण हाती घेतले. दोन्ही कामे साधारण एकाच काळातली. पाणी आणि गाणे यांत आधी कोण, असे भांडण त्यांनी लावले नाही. आम्ही बायकाही घरात आधी भाकरी करतो, पण म्हणून दारात रांगोळी घालायची राहते का?" साहेब हसले. त्यांनी शाळेच्या मुख्याध्यापकांना चिठ्ठी दिली. तीन हेलपाटे झाले, आणि शाळेची खालची खोली मंगळवारी व शुक्रवारी दुपारी तीन ते पाच आपल्याला मिळाली. आज आपण जो झिम्मा पाहणार आहोत त्याचा सराव तिथेच झाला. पण ती परवानगी एका वर्षाची आहे, आणि सुट्टीत शाळेला कुलूप असते. उसन्या साखरेवर सण किती दिवस करायचा?

मैत्रिणींनो, आता राजे नाहीत. त्यांचे हे काम नगरपालिकांकडे आले. पुण्याचे उदाहरण पहा. तिथे महापालिकेने नाट्यगृह बांधायचे ठरविले, आणि १९६२ साली त्याची कोनशिला खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसविली. १९६७ साली बालगंधर्व गेले, आणि १९६८ साली बालगंधर्व रंगमंदिर उघडले. ते त्यांना पाहायला मिळाले नाही, पण पुढच्या पिढ्यांना मिळाले. राजाने केले ते लोकांनी निवडलेल्या सभेलाही करता येते.

कायदाही आपल्या बाजूला आहे. माझी मुलगी महाविद्यालयात शिकते. तिने मला समजेल अशा भाषेत सांगितले. १९९२ साली घटनेची ७४ वी दुरुस्ती झाली. तिच्यात शहरांच्या कारभारासाठी अठरा कामांची यादी दिली आहे. पहिलेच काम नगररचनेचे आहे, आणि पुढे त्याच यादीत सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक गोष्टींना उत्तेजन देणे हेही काम आहे. म्हणजे आपण कुणाकडे दान मागत नाही. यादीतले काम करा, एवढेच म्हणतो.

दुसरे, १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे शहराचा आराखडा आधी कच्चा प्रसिद्ध करावा लागतो आणि नागरिकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. साधा कागद, खाली सही, वर आपला पत्ता. त्याला सातवी पुरते. तिसरे, एखादी खाजगी जागा राखून ठेवली आणि दहा वर्षांत ती ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर ठराविक मुदतीत काही हालचाल झाली नाही तर ते आरक्षण सुटते. नकाशावर रंग भरला म्हणजे जागा मिळाली असे नाही. दूध चुलीवर ठेवून आपण अंगणात गेलो तर ते उतू जाणारच. लक्ष ठेवावे लागते.

आपल्या शहराचा नवा आराखडा व्हायचा आहे. त्या वेळी मंडळाने काय मागावे, याचा विचार मी खोलीत झाडू मारता मारता केला आहे. तो असा.

पहिले म्हणजे जागा तळमजल्यावर असावी. त्यामुळे म्हाताऱ्या बायकांना जिना नको, आणि खाली कुणाचे छतही नको. शेजारी स्वच्छ मोरी व संडास असावा. तो नसला की बायका तासाभरात उठून जातात. जागेपर्यंतच्या रस्त्यावर दिवे असावेत, म्हणजे तरुण मुलींना संध्याकाळी सरावाला येता येईल. भाडे मंडळांना झेपेल असे असावे आणि त्याचा दर बाहेर फळ्यावर लिहावा. कोणत्याही एका मंडळाची, जातीची वा पक्षाची तिथे मिरास नसावी; वार वाटून द्यावेत. ढोलकी, टाळ, पडदे ठेवायला कुलपाचे कपाट असावे. आणि आगीपासून बचावाची सोय पहिल्या दिवसापासून असावी. विजेच्या तारा वर्षातून एकदा तपासाव्यात. माझ्या माहेरची ती रात्र पाहिल्यावर हे मी विसरणार नाही.

कारागिरांचेही एक कलम घालावे असे मला वाटते. कोल्हापुरात चपलांची ओळ आहे, सोनारांची गुजरी आहे, कुंभारांच्या गल्ल्या आहेत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तिथल्या कुंभारांच्या वस्तीत पाणी शिरले, आणि गणपती तोंडावर आलेले. मातीच्या मूर्तीला पाणी लागले की वर्षाची कमाई चिखल होते. आपल्याकडेही ओढ्याकाठी कुंभार आहेत, बुरूड आहेत. मूर्ती आणि सूप-टोपल्या ठेवायला उंचावर एखादी सामाईक पडवी त्यांना मिळाली तर त्यांचा धंदा टिकेल. सूपच मिळेनासे झाले तर आपण गौरीपुढे नाचवायचे तरी काय?

हे सारे एका दिवसात होणार नाही, हे मला कळते. पण काही गोष्टी आजपासून होतील. दर सोमवारी वाचनालयात जाऊन आठवड्याच्या जाहीर सूचना वाचायच्या, असे काम मी माझ्याकडे घेते. फळीवर कागद अंथरण्यापूर्वी मी तो आता दोन्ही बाजूंनी वाचते, तुम्हीही वाचा. आपल्या राज्यात २०११ पासून नगरपालिकांत निम्म्या जागा बायकांना आहेत. आपल्या भागातल्या नगरसेविकाबाईंना आपण हळदीकुंकवाला बोलावतो, तसे एकदा त्या जागेच्या कागदाबद्दल विचारायलाही जाऊ. आणि ज्या सासूबाईंना, आजींना जुनी गाणी येतात त्यांच्याजवळ एक वही आणि एक नात बसवा. गाणी मराठी असोत, कानडी असोत की उर्दू असोत, सगळी एकाच वहीत येऊ द्या. अकराची बारा झाली तरी मला आनंद होईल.

माझ्या आईने त्या रात्री विचारले होते, "आता कुठं जायचं गं?" मला तिला उत्तर देता आले नाही. आपल्या नातींनी तोच प्रश्न आपल्याला विचारला, तर बोट दाखवायला या गावात एक जागा असावी, एवढीच माझी इच्छा आहे. हरकती-सूचनांचा कागद चिटणीसबाईंच्या टेबलावर ठेवला आहे. चहा घेण्यापूर्वी सर्वांनी त्यावर सही करावी. ज्यांना सही येत नाही त्यांनी अंगठा द्यावा. त्याचे मोल तेवढेच आहे.